गोलपोस्टमागचा हिवाळा

पौष लागला की भूमच्या शिवारात ज्वारी दाण्यात भरते. सकाळी सातला मी स्कूटरवरून शाळेला निघते, तेव्हा रस्त्याकडेच्या एखाद्या रानात गोवऱ्यांची आगटी पेटलेली असते. चार माणसं भोवती उकिडवी बसलेली असतात आणि भाजत्या कणसांचा वास थेट हेल्मेटमध्ये शिरतो. बाकीच्यांना त्या वासानं भूक लागते. माझे मात्र तळहात उघडतात. हँडलवरची पकड आपोआप सैल होते आणि मला गाडी सांभाळून चालवावी लागते.

गोलकीपरचे हात आहेत हे. आता मी इथल्या शाळेत मुलींना खेळ शिकवते. त्याआधी चार वर्षं पगार घेऊन फुटबॉल खेळले. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडं बघतात आणि मग हळूच विचारतात, "आपल्या जिल्ह्यात? फुटबॉल? पगार देऊन?" व्हय, आपल्याच जिल्ह्यात. तुळजापूरच्या बाहेर, सोलापूरच्या रस्त्याला, खडे वेचून वेचून सपाट केलेल्या मैदानावर. चार हंगामांतला एकच हिवाळा असा आहे की तो दर वर्षी हुरड्याबरोबर परत येतो. त्या हिवाळ्यात मी जवळजवळ खेळलेच नाही, आणि तरीही तो माझ्या खेळातला सगळ्यात मोठा हिवाळा होता.

माझे हात तयार झाले वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, खव्याच्या भट्टीवर. कढईत दूध आटायला लागलं की ते सारखं हलवावं लागतं. दहा वर्षांची असल्यापासून मी लांब दांड्याचं उलथनं धरत आले. मनगटं घट्ट झाली, दंड मुलांसारखे झाले. शाळेत कुणी चेंडू कितीही जोरात मारला तरी माझ्या हातातून निसटत नसे. त्याच हातांमुळं मला संघात घेतलं. एका हौशी कारखानदारानं राज्यातल्या व्यावसायिक महिला लीगमध्ये आपल्या भागाचा संघ उतरवला होता. नाव मोठं ठेवलं, 'बालाघाट वाघिणी'. काही मुली इथल्या होत्या, काही मोठ्या शहरांतून आलेल्या. तुळजापुरात एका लॉजचा वरचा मजला आम्हाला राहायला दिला होता.

आणि आम्ही हरत होतो. पहिल्या हंगामात तळाला, दुसऱ्या हंगामातही तळाला. एखाद-दुसऱ्या गोलनं हरलो तर त्या दिवशी जेवण बरं जायचं. उस्मानाबादी शेळी साऱ्या देशात नावाजलेली, तेव्हा लोकांना शब्द शोधायला लांब जावं लागलं नाही. दुसरा गोल बसला की तारेच्या कुंपणाबाहेरून आवाज यायचा, "मेंऽऽ, मेंऽऽ!" पोरं ओरडायची, मोठी माणसंही ओरडायची. देवीच्या दर्शनाला आलेल्या बसगाड्या तिथं चहाला थांबायच्या. त्यातले प्रवासीही, काय चाललंय हे न कळता, हौसेनं सूर लावायचे. मी गोलमध्ये उभी. तो आवाज सगळ्यात जवळून मला ऐकू यायचा.

हरण्याची सवय लागते, हे मला त्या दोन वर्षांत कळलं. आधी रडू येतं. मग राग येतो. मग एक दिवस असा येतो की गोल बसतो आणि तुम्हाला आतून काहीच होत नाही. तुम्ही जाळीतून चेंडू काढता, मधल्या रेषेकडं लाथाडता आणि मनात म्हणता, चला, अजून वीस मिनिटं. आमच्या संघातल्या सगळ्याच मुली तिथं पोचल्या होत्या. शहरातल्या मुली एका टेबलावर जेवायच्या, आम्ही गावाकडच्या दुसऱ्या टेबलावर. प्रत्येक टेबलावर हरण्याचं कारण दुसरं टेबल असायचं.

तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "यंदाही तळाला राहिलो तर संघ बंद." ओरडले नाहीत, हे विशेष. ते दमले होते. आणि त्यांनी नवीन कोच आणला असल्याचं सांगितलं. परदेशी कोच येणार, मुंबईचा येणार, असं आम्ही बोलत होतो. आल्या त्या परंड्याच्या शमीम बाजी, म्हणजे शमीमताई.

पन्नाशीच्या, ठेंगण्या, अंगात सलवार-कमीज, पायात मुलांचे बूट, गळ्यात शिट्टी. परंड्यात किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत भावांबरोबर खेळून त्या शिकल्या, पुढं राज्याकडून खेळल्या आणि मग तिथल्याच शाळेत वीस-बावीस वर्षं खेळाच्या शिक्षिका होत्या. उजवा खांदा एका पडण्यात कायमचा आखडलेला. शहरातल्या मुलींनी एकमेकींकडं बघून डोळे फिरवले. खरं सांगायचं तर आम्हीही फिरवले.

पहिले तीन दिवस बाजींनी चेंडूला हात लावू दिला नाही. लॉजच्या जेवणाच्या खोलीत दुपारी पडदे ओढून त्यांनी भिंतीवर मागच्या हंगामाचे सामने लावले. त्यात फक्त आम्ही खाल्लेले गोल. एकामागून एक. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी पूजा होणार. पण चेंडू जाळीत गेला की बाजी चित्र थांबवायच्या आणि मागं घ्यायच्या. अजून मागं. अजून मागं. जिथं चेंडू आमच्याकडून पहिल्यांदा हिसकावला गेला तिथपर्यंत.

"गोल हितनं सुरू झालाय," त्या म्हणाल्या. "आता बघा, आपण काय करतोय."

आम्ही बघितलं. आम्ही चालत होतो. चेंडू गेला होता, समोरच्या मुली आमच्या गोलकडं धावत होत्या आणि आमच्या पाच-सहा जणी कमरेवर हात ठेवून चालत होत्या. दुसऱ्या गोललाही तेच. तिसऱ्यालाही. मग आमची कॅप्टन वंदना उठली. नळदुर्गची, उंच, अंगानं मजबूत, बचावाच्या बॅकलाइनच्या मधोमध खेळणारी, आणि हरलो की सगळ्यात आधी दुसऱ्यावर ओरडणारी. ती भिंतीपाशी गेली, एका आकृतीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही मी. चालतीय बघा." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "शैलावर ओरडले होते मी ह्या गोलला. लॉजवर येईपर्यंत ओरडत होते."

मला त्या क्षणी लई हलकं वाटलं. दोन वर्षं मनात धरून ठेवलेलं कुणीतरी माझ्या वतीनं बोललं होतं. पण बाजी थांबल्या नव्हत्या.

"आता शैला," त्या म्हणाल्या आणि चित्र मोठं केलं. गोलच्या रेषेवर चिकटलेली मी. तोंड बंद. "ही पोरगी मोकळी सुटलीय, तुला दिसत होतं का?"

"दिसत होतं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

खरं उत्तर असं होतं की सांगितलं असतं तर जबाबदारी माझीही झाली असती. गप्प राहिलं की चूक दुसऱ्याची राहते. हे मला तेव्हा शब्दांत मांडता आलं नाही. पण बाजींना ते कळलं होतं, असं मला आजही वाटतं.

"बेटा, तू बोलतेस, पण गोल झाल्यावर," त्या म्हणाल्या. "आधी बोल. मागनं बोलून काय उपेग?"

चौथ्या दिवसापासून मैदान. बाजींनी काही जादू आणली नाही. एकच नियम आणला. चेंडू गेला की पाच मोजेपर्यंत सगळ्यांनी जीव तोडून पळायचं, चेंडू परत घ्यायला. मग दम खा, चाला, काय करायचं ते करा. पण पाच मोजेपर्यंत कुणी चालायचं नाही. आणि मोजायचं मोठ्यानं. सकाळच्या थंडीत अकरा बायका मैदानावर "एक! दोन! तीन!" ओरडत पळताहेत, हे बघायला कुंपणापाशी दुधाच्या किटल्या घेऊन जाणारे थांबायचे, शाळेला निघालेली पोरं थांबायची. आठवड्याभरात तीही आमच्याबरोबर मोजायला लागली. श्वास आत घेतला की घसा गारठायचा, बाहेर सोडला की वाफ दिसायची. पलीकडच्या रानात करडई पिवळी व्हायला लागली होती.

आज माझ्या शाळेतल्या मुली मला विचारतात, "मॅडम, तुम्ही चॅम्पियन कशा झालात?" त्यांना एखादी चाल ऐकायची असते, एखादी युक्ती. मी पाच मोजायचं सांगते तेव्हा त्यांचे चेहरे पडतात. एवढंच? एवढंच. पण एवढंच रोज करणं किती अवघड असतं, ते मला ठाऊक आहे. पहिले पंधरा दिवस आमच्यातल्या दोघी-तिघी रोज ओकायच्या.

पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी बाजींनी संघ वाचून दाखवला. गोलमध्ये माझं नाव नव्हतं. कोमलचं होतं.

कोमल एकोणीस वर्षांची, तुळजापूरचीच, दोन वर्षं माझ्या मागं राखीव म्हणून बसलेली. तिचे हात माझ्या हातांच्या निम्म्यानंही बरे नव्हते. सोपा चेंडूही कधी कधी सुटायचा. पण ती गोलची रेषा सोडून पुढं यायची, बेधडक, आणि तिचं तोंड कधी बंद नसायचं. "वंदनाताई, डावीकडं! मागं बघ, मागं!" सराव संपला तरी तिचा आवाज कानात राहायचा.

बाजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझे हात सोन्याचे हायेत. पण पाय घाबरलेत. दोन वर्षं मार खाऊन घाबरलेत, तुझी चूक न्हाई. कोमलला तू शिकव. हात तू दे तिला."

मी तडक मागं वळले. लॉजवर जाऊन पिशवी भरली आणि एसटीनं भूमला निघून आले. वाटेत तोंड खिडकीकडं करून बसले होते. आपली जागा घेणाऱ्या पोरीला आपणच शिकवायचं, हा काय प्रकार? दोन वर्षं दगड खाल्ल्यासारखे गोल खाल्ले मी, आणि आता कुठं संघ पळायला लागला तर मी बाहेर?

दोन दिवस मी भट्टीवर बसले. अण्णांनी काही विचारलं नाही. त्यांचा स्वभावच तसा. तिसऱ्या दिवशी दूध उकळी धरत असताना ते कढईकडंच बघत म्हणाले, "जायचं तर जा, न्हाई जायचं तर नको जाऊ. पण त्या बाईला फोन तरी लाव. वाट बघत असंल."

मी अंगणात जाऊन फोन लावला. म्हटलं, "बाजी, मी शैला."

"हां, बोल." मागं चेंडूचे आवाज येत होते.

"मॅच झाली का?"

"झाली. बरोबरीत सुटली. शून्य-शून्य." मग त्या म्हणाल्या, "शैला, उद्या सकाळी कोमलला उंच बॉल कोण टाकणार? माझा खांदा तर उचलतच न्हाई."

रागावल्या असत्या तर मी गेले नसते. समजूत घातली असती तरी कदाचित गेले नसते. पण त्यांना खरंच कुणीतरी हवं होतं. आणि शून्य-शून्य! दोन वर्षांत आमच्या नावावर शून्य गोल खाल्लेला सामना नव्हता. तो माझ्याशिवाय झाला, याचं दुःख झालं. आणि तो झाला, याचा आनंदही झाला. दोन्ही एकाच वेळी पोटात घेऊन मी संध्याकाळची गाडी पकडली.

मग सुरू झाला माझा गोलपोस्टमागचा हिवाळा.

रोज सकाळी मी कोमलला शंभर-दीडशे चेंडू टाकायचे. उंच, घसरते, टप्पा पडून वर येणारे. अंगठे कसे जोडायचे, चेंडू छातीशी कसा ओढायचा, चेंडू हातात बसेपर्यंत नजर कशी हलू द्यायची नाही. पहिले काही दिवस मी जरा जोरातच मारायचे. तिच्या लक्षात आलं असणार. एक दिवस चेंडू तिच्या नाकावर बसला, रक्त आलं. मी धावत गेले. ती बाहीनं नाक पुसत म्हणाली, "शैलाताई, तुमचा राग संपला की सांगा. तवर मी हाय हितंच." मी हसले की रडले ते आठवत नाही. त्यानंतर मात्र मी शिकवायला लागले.

सामन्यात मी तिच्या गोलच्या मागं, जाळीपलीकडं उभी राहायचे. तिथून मैदान वेगळंच दिसतं. रेषेवर उभं असताना मला फक्त चेंडू दिसायचा. मागं उभं राहिल्यावर माणसं दिसायला लागली. समोरची कुठली खेळाडू मारायच्या आधी मान खाली घालते, कुठली डाव्या पायावर येताना अडखळते, आपली कुठली मुलगी दमली म्हणून सरकत सरकत आत येतेय. मी हळू आवाजात कोमलला सांगायचे, ती मोठ्या आवाजात मैदानाला सांगायची. काही दिवसांनी मीही मोठ्यानं बोलायला लागले.

त्याच सुमारास शाकंभरी नवरात्र आलं आणि तुळजापूर भरून गेलं. लॉजवाल्यांना खोल्या हव्या होत्या. मालकांनी आमची सोय जवळच्या शाळेच्या एका हॉलमध्ये केली. सगळ्यांना एकच हॉल, खाली सतरंज्या, बाहेर नळ. शहरातल्या मुली वैतागल्या. बाजींनी मात्र संधी साधली. कुणाची पथारी कुठं, हे त्यांनी स्वतः ठरवलं. कोमल आणि मी मधे, आमच्या दोन्ही बाजूंना बॅकलाइन, मग मधल्या फळीतल्या, दाराशी पुढं खेळणाऱ्या. मैदानावरच्या जागा तशाच्या तशा जमिनीवर. नऊ दिवस आम्ही तसेच राहिलो. नळावर नंबर लावला, एकमेकींच्या वेण्या घातल्या, कुणाला घरून काय निरोप येतात ते न विचारता कळलं. परंड्याजवळच्या वाडीतली आमची स्ट्रायकर मनीषा पहाटे उठून कुणाला न सांगता सगळ्यांचे बूट झटकून ठेवते, हे तेव्हा कळलं. हॉल सोडून लॉजवर परतलो त्या दुपारी जेवायला सगळ्या एकाच टेबलाभोवती गर्दी करून बसल्या. खुर्च्या कमी पडल्या.

दुसरा सामनाही बरोबरीत. तिसरा आम्ही जिंकलो. एक-शून्य. शिट्टी वाजली तेव्हा आम्हाला जिंकल्यावर काय करायचं असतं तेच ठाऊक नव्हतं. वंदना मैदानाच्या मधोमध उभी राहून बाजींकडं बघत होती, जणू विचारत होती, आता जाऊ का? मग चौथा जिंकलो. पाचवा हरलो, पण लॉजवर परत येताना गाडीत कुणी कुणावर ओरडलं नाही. वंदनानं फक्त विचारलं, "दुसऱ्या गोलला पाच कुणी मोजले न्हाईत?" तिघींनी हात वर केले. तिनं स्वतःचाही केला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा संघ आता वेगळा आहे. जिंकलेल्या दिवशी नाही, हरलेल्या दिवशी वाटलं.

कुंपणाबाहेरचा 'मेंऽऽ' कधी बंद झाला, ते नक्की सांगता येत नाही. एका सामन्यात आमच्याकडून चेंडू गेला आणि बाहेरून शे-दोनशे लोकांचा आवाज आला, "एक! दोन! तीन!" समोरच्या संघाच्या मुली दचकून बघायला लागल्या. तेवढ्यात मनीषानं चेंडू काढूनही घेतला होता.

शेवटचे दोन सामने उरले तेव्हा आम्ही दुसऱ्या क्रमांकावर होतो. आम्ही, बालाघाट वाघिणी, वरून दुसऱ्या! आणि कोमलला ताप भरला.

"तू खेळशील," बाजी म्हणाल्या.

त्या सामन्यातलं मला सगळं आठवतं. गवतावरचं दव, हातमोज्यांचा ओलसर वास, अंगावर आलेला पहिला उंच चेंडू. जुनी मी रेषेवर थांबली असती. मी पुढं गेले. "माझा!" असं ओरडत गेले आणि सगळ्यांच्या डोक्यावरून तो चेंडू हातात घेऊन खाली आले. वंदनानं माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की दोन दिवस दुखत होतं. सामनाभर मी बोलत राहिले. आम्ही एक-शून्यनं जिंकलो. त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात शेवटचा सामना खेळायलाही लागले होते.

शेवटचा सामना पहिल्या क्रमांकावरच्या, मोठ्या शहराच्या संघाबरोबर होता, आमच्याच मैदानावर. जिंकलो तर विजेतेपद आमचं, नाहीतर त्यांचं. आदल्या दिवशी सकाळी मी मैदानाकडेच्या बाकावर बूट बांधत होते. बाजी येऊन शेजारी बसल्या.

"कोमल बरी झाली," त्या म्हणाल्या. "उद्या ती खेळंल."

"बाजी, मी एकपण गोल खाल्ला न्हाई."

"न्हाई खाल्लास. लई चांगली खेळलीस."

"मग?"

"दोन महिने बॅकलाइन तिच्या आवाजावर चालतीय. उद्या मला त्यात बदल नकोय." त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "माझं चुकत असंल. पण ठरवायचं काम माझं हाय. तुला वाईट वाटणार, म्हणून कुणाकडनं निरोप पाठवला न्हाई. स्वतः आले."

मी बुटाच्या नाडीकडं बघत राहिले. बाजींनी खांद्यावर हात ठेवला नाही, समजावलं नाही. फक्त बसून राहिल्या. ऊन गुडघ्यापर्यंत आलं. उठताना म्हणाल्या, "मागं उभी राहशील का? न्हाई म्हणालीस तरी मी काही बोलणार न्हाई."

मी लॉजच्या न्हाणीघरात नळ सोडून रडले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी गोलच्या मागं उभी होते.

माणसं कुंपणाला चिकटून उभी होती, झाडांवर होती, थांबलेल्या बसच्या टपावर होती. कुणीतरी संबळ आणली होती. खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, डावीकडून एक उंच चेंडू आला. कोमल पुढं गेली, उडी मारली आणि चेंडू तिच्या हातमोज्यांवरून निसटून मागं जाळीत गेला.

आणि मला बरं वाटलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एका श्वासाइतका वेळ असेल, पण वाटलं. बघा, मी असते तर! मग लगेच अंगावर काटा आला, कारण मी समोर बघितलं. दोन वर्षांपूर्वी अशा वेळी दहा जणी माझ्याकडं पाठ करून उभ्या असायच्या. आज वंदना गोलकडं धावत येत होती. तिनं जाळीतून चेंडू स्वतः काढला. कोमलच्या तोंडाकडं बघितलंही नाही. "बोलत राहा," ती एवढंच म्हणाली, "तुझं ऐकू यायला पाहिजे." आणि चेंडू काखेत मारून मधल्या रेषेकडं पळत गेली. बाकीच्याही पळत गेल्या. कुणी चाललं नाही.

कोमलनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले. मी जाळीला धरून म्हणाले, "हात चुकले न्हाईत. उडी उशिरा मारलीस. पुढच्याला एक पाऊल आधी निघ. मी हाय." तिनं नाक ओढलं, मान हलवली. पुढचा चेंडू तसाच आला, त्याच बाजूनं. ती एक पाऊल आधी निघाली. "माझा!" तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला असेल.

बरोबरीचा गोल मनीषाचा. आमच्याकडून चेंडू गेला, अख्खं कुंपण मोजायला लागलं, "एक! दोन!", तीनला मनीषानं चेंडू हिसकावला, आणि चार म्हणायच्या जागी नुसती आरोळी उठली. दुसरा गोल शेवटच्या काही मिनिटांत. कॉर्नरवरून आलेला चेंडू, वंदनाचं डोकं. त्यांची गोलकीपर चेंडू घ्यायला अर्धी पुढं आली होती आणि मग मागं फिरली होती. तेवढी जागा पुरली.

शिट्टी वाजली. मग काय झालं ते तुम्ही कुठल्याही जिंकलेल्या संघाच्या फोटोत बघू शकता. संबळ वाजत होती, लोक कुंपण वाकवून आत आले, कुणीतरी कुंकू उधळलं. कोमल मला शोधत आली आणि गळ्यात पडून एवढी रडली की माझी जर्सी खांद्यावर भिजली. बाजी कडेला एकट्या उभ्या होत्या, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत. दोन वर्षं मरगळलेल्या अकरा-बारा बायकांना त्यांनी असं काय दिलं होतं? मी पुष्कळदा विचार करते. त्यांनी आम्हाला खोटं काही सांगितलं नाही. ना हरताना, ना जिंकताना, ना मला बाहेर बसवताना. मला वाटतं, बाकीचं सगळं त्यातून आलं. मीही माझ्या मुलींना संघातून वगळायची वेळ येते तेव्हा यादी भिंतीवर चिकटवून पळत नाही. शेजारी जाऊन बसते. काही जणी रागावतात, काही निघून जातात. बसणं मात्र मी टाळत नाही.

नाचता नाचता माझं लक्ष मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. त्यांचा संघ गाडीकडं निघाला होता. त्यांची गोलकीपर तेवढी गोलच्या खांबाला टेकून बसली होती, पाय पसरून, एकटी. तिच्याजवळ कुणी थांबलं नव्हतं. मी अख्खं मैदान ओलांडून गेले. का, ते ठरवलं नव्हतं. तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

ती समोर बघतच म्हणाली, "दुसरा गोल माझ्यामुळं गेला."

नाही म्हणणं सोपं होतं. मी म्हणाले, "व्हय. अर्धी पुढं आलीस आणि परत फिरलीस. मी तर दोन वर्षं रेषाच सोडली नव्हती."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. माझ्या जर्सीला, गुडघ्यांना माती नव्हती, बूट स्वच्छ होते. मी त्या दिवशी खेळले नव्हते, हे कुणीही सांगितलं असतं.

"तू गोलकीपर आहेस?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "गोलकीपर हाय मी."

तिच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या आणि उजव्या हाताची पट्टी तिला एका हातानं सुटत नव्हती. मी तिचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि टोक शोधून ती हळूहळू सोडवायला लागले.